वाढदिवसाचा केक, सिग्नलवरचे पोट्टे आणि आमचं ऑडिट

दर महिन्याला एखाददुसरा फोन येतोच. "ताई, एखादं चांगलं अनाथाश्रम सांगा ना, पिल्लूचा पाचवा वाढदिवस आहे, म्हटलं यंदा हॉटेलात नको, गरीब मुलांमध्ये करू." फोन करणारे मनापासून करतात, त्यात काही खोट नाही. मला विचारतात कारण मी संध्याकाळी एका लहानशा संस्थेचे हिशेब बघते. दिवसा सीएच्या ऑफिसात जीएसटी आणि टीडीएस, संध्याकाळी रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करणाऱ्या या संस्थेची व्हाउचरं आणि बिलं, आणि मार्च आला की ऑडिटची बोंबाबोंब. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, आमचा वर्ग कुठे भरतो हे ज्यांना कळू नये असेही लोक आपल्या नागपुरात आहेत.

तर फोनवर दरवेळी तेच तेच बोलण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते. लांबेल, आधीच सांगून ठेवते.

पहिले तर हे अनाथ प्रकरण डोक्यातून काढा. व्हरायटी चौकात, रहाटे कॉलनीच्या सिग्नलवर, मेडिकल चौकात जे पोट्टे काचेवर टकटक करतात त्यातल्या बहुतेकांना आईबाप असतात. या कामातले लोक तीन प्रकार वेगळे धरतात. एक, घर सोडून पळालेलं आणि एकटंच रस्त्यावर राहणारं मूल. दुसरं, दिवसभर रस्त्यावर राबून रात्री वस्तीत परत जाणारं. आणि तिसरं, ज्याचं अख्खं कुटुंबच फुटपाथवर किंवा पुलाखाली पाल ठोकून राहतं. तिघांचेही कळकट शर्ट आणि विस्कटलेले केस आपल्याला सारखेच दिसतात पण तिघांना लागणारी मदत अगदी वेगळी असते, आणि एकाची मदत दुसऱ्याला दिली तर नुकसान होतं. आई फुटपाथवर आहे म्हणून तिचं मूल उचलून बालगृहात टाकणं ही मदत नाही, आणि सावत्र बापाच्या मारातून पळालेल्या पोराला समजावून घरी पोचवून येणं हीसुद्धा नाही.

आता सिग्नलचं. मी हिशेबवाली बाई, त्यामुळे पोट्ट्यांना मी "तुझं स्वप्न काय बेटा" वगैरे विचारत नाही, हिशेब विचारते. आणि त्यांना तो विलक्षण चांगला येतो, वर्गात दोन आकडी वजाबाकी चुकवणारा पोट्टा कमिशन तोंडी सांगतो. गाडी पुसायची फडकी, पेनं, मोबाइल अडकवायचे स्टँड, १५ ऑगस्टच्या आधी झेंडे, डिसेंबरात सांताच्या टोप्या, हा माल त्यांचा नसतो. कोणीतरी सकाळी उधारीवर देतो, रात्री वसूल करतो. एकाला विचारलं, शंभरचा माल विकला तर तुझे किती, तो म्हणे तीस. "आन् नाही विकला तर?" "मंग चढते ना मॅडम." चढते म्हणजे अंगावर चढते, उधारी. आणि ही चढलेली उधारी आईच्या नावावर, कधी मोठ्या बहिणीच्या नावावर चढत जाते, मग त्या घरानं शहर सोडायचं म्हटलं तरी सोडता येत नाही. मी ऑफिसात एवढी कर्जखाती बघते, इतकं पक्कं खातं क्वचितच पाहिलं असेल, ना कागद ना सही, तरी एक रुपया बुडत नाही.

याच्यात अजून एक गोष्ट आहे जी गाडीत बसून कळत नाही. मूल जितकं लहान तितकी कमाई जास्त. चार वर्षांच्या पोरीला लोक पटकन दहाची नोट देतात, बारातेरा वर्षांच्या पोराला "काम कर ना बे" म्हणून हाकलतात. म्हणजे या धंद्यात वय वाढलं की भाव उतरतो. त्यामुळे लहानगीला शाळेत घालायला घरातूनच विरोध होतो, कारण कमावती तीच असते, आणि मोठा झालेला भाऊ पन्न्या-भंगार वेचायला, लग्नाच्या सीझनमध्ये लॉनवर केटरिंगच्या प्लेटा उचलायला, नाहीतर कोणाचं तरी पुडकं इकडून तिकडे पोचवायला लागतो. पुडक्यात काय असतं हे त्याला माहीत असतंही आणि नसतंही.

तुम्ही म्हणाल कायदा आहे की. आहे ना, चांगला कडक आहे. बाल न्याय कायदा, २०१५. त्याच्या कलम ७६ प्रमाणे मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड, आणि भीक मिळावी म्हणून मुलाला अपंग केलं तर सात ते दहा वर्षं आणि पाच लाख. कलम ७८ अमली पदार्थ विकायला किंवा वाहून न्यायला मुलांना वापरणाऱ्यांसाठी. कलम ७९ मुलाला कामाला जुंपून त्याची कमाई दाबून ठेवणाऱ्यासाठी. शिवाय बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच धंद्यात कामाला ठेवता येत नाही, घरच्या कामात शाळा सांभाळून हातभार लावण्याची आणि बालकलाकारांची सूट सोडली तर. पण कलम लागायला तक्रार लागते, तक्रारीला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदार म्हणजे तेच आठ वर्षांचं पोर, ज्याला रात्री त्याच माणसाच्या शेजारी झोपायचंय. इथे सगळं अडतं.

म्हणून दहाची नोट देऊ नका असं मी सांगते तेव्हा लोकांना मी खडूस वाटते. वाटू द्या. ती नोट मुलाच्या हातात असते तेवढाच वेळ मुलाची असते. खाऊ द्यायचा तर पाकीट फोडून द्या, न फोडलेलं बिस्किट परत दुकानात जातं, हे मला आमच्याच एका पोरीने हसत हसत सांगितलं.

स्टेशन हा वेगळाच विषय आहे. आपल्याला अभिमान की दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई या दोन्ही लाइनी नागपुरात एकमेकींना कापतात, डायमंड क्रॉसिंग वगैरे. पण त्याचा अर्थ असाही की देशात कुठेही घरून रागावून गाडीत बसलेलं पोरगं नागपूरवरून जाण्याची शक्यता बरीच. गाडी इथे बराच वेळ थांबते, पाणी भरतात, जेवणाचे डबे चढतात, टीसीला घाबरून मुलं उतरतात. आमच्या संस्थेतला एक दादा (हाच आमचा खरा प्रोजेक्ट आहे, पुढे सांगते) कितीतरी वर्षं स्टेशनवर काम करून राहिला. त्याला विचारलं, इतक्या गर्दीत नवीन पोरगं तुला कसं ओळखू येतं रे? तो म्हणे पायाकडे बघायचं. पळून आलेल्याच्या पायात आठवडाभर तरी धड चपला असतात. आणि नवीन पोरगं नळाजवळ घुटमळतं, जुनं पोरगं बिनधास्त पाणी पिऊन निघून जातं. तो जाऊन शेजारी बसतो, नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. चहा घेतो, दोन घेतो. नाव विचारलं की पोरगं खोटं सांगतं, आणि एकदा खोटं सांगितलं की ते निभवायला पुढचंही सगळं खोटं सांगावं लागतं, म्हणून विचारायचंच नाही, आपणहून निघेपर्यंत थांबायचं.

घाई मात्र असते. कारण त्या पोराच्या शेजारी आमच्या दादासारखाच अजून कोणीतरी येऊन बसणार असतो, तोही चहा पाजणार, तोही नाव विचारणार नाही. पहिल्या एकदोन दिवसांत कोण पोचतं यावर फार काही ठरतं. त्यानंतर पोरगं गँगमध्ये गेलं, सोल्यूशन ओढायला शिकलं, की परत आणणं महाकठीण. सोल्यूशन म्हणजे तेच पंक्चर काढायचं, त्याचा वास ओढतात. लोकांना वाटतं व्यसन, मस्ती, पण पोरं सांगतात की त्याने भूक लागत नाही आणि थंडी वाजत नाही, डिसेंबरातली नागपूरची थंडी उघड्यावर काढून बघा मग कळेल. गंमत अशी की मुलाला दारू, तंबाखू किंवा ड्रग्ज देणाऱ्याला कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण पंक्चरचं सोल्यूशन या यादीत नीट बसत नाही, ते हार्डवेअरच्या दुकानात उघड मिळतं.

बरं, रेल्वेने या बाबतीत खरंच काम केलंय हे सांगायला पाहिजे. २०१५ मध्ये स्टेशनवर सापडणाऱ्या मुलांसाठी रेल्वेची एक ठरलेली कार्यपद्धती आली, मोठ्या स्टेशनांवर चाइल्ड हेल्प डेस्क झाले, आरपीएफचं, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचं, 'नन्हे फरिश्ते' नावाचं ऑपरेशन चालतं. एकटं मूल दिसलं तर आरपीएफच्या माणसाला सांगा, नाहीतर १०९८ फिरवा. हा १०९८ नंबर १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला, टाटा समाज विज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांनी सुरू केला, आणि मग देशभर संस्थांच्या जाळ्यावर चालला. २०२३ पासून तो सरकारने स्वतःकडे घेतला, ११२ शी जोडला, जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षामार्फत चालतो. जुन्या कार्यकर्त्यांची यावर नाराजी आहे, त्यांचं म्हणणं की पूर्वी फोनवर ओळखीचा आवाज यायचा. असेल. पण नंबर तोच आहे, तो पाठ ठेवा.

फोन केल्यावर काय होतं हेही माहीत असलं पाहिजे, नाहीतर लोक मध्येच चिडतात. मुलाला २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांना मॅजिस्ट्रेटचे अधिकार असतात. मूल घरी जाईल, बालगृहात जाईल की नातेवाइकांकडे, हे ती समिती ठरवते, आपण नाही. मी पाहिलेत असे प्रेमळ लोक की ज्यांनी रडणारं पोर थेट घरी नेलं, आंघोळ घातली, नवीन कपडे घातले, दोन दिवस ठेवून घेतलं आणि मग आम्हाला फोन केला. हेतू शंभर टक्के चांगला असला तरी कायद्याने ते चालत नाही, हरवलेलं मूल सापडलं की २४ तासांत कळवणं बंधनकारक आहे. आणि जरा विचार करा, तिकडे त्याची आई कुठल्यातरी पोलीस स्टेशनच्या बाकावर बसलेली असू शकते.

आता एक कडू आठवण. मार्च २०२३ मध्ये नागपुरात जी-२० च्या निमित्ताने सी-२० ची बैठक झाली. शहर नुसतं चमकत होतं, वर्धा रोडवर तर रात्री चालत जायला मजा यायची. त्याच्या आधी पोलीस आयुक्तांनी जमावबंदीच्या कलम १४४ खाली आदेश काढला, सिग्नलवर, चौकात, सार्वजनिक जागी भीक मागायला बंदी. एकदोन दिवसांत चौक मोकळे झाले. ऑफिसात सगळे म्हणत होते किती बरं वाटतंय ना. आमच्या वर्गात मात्र त्या आठवड्यात गोणपाटावर चारच पोरं होती, बाकीची कुठे गेली ते ना दादाला माहीत ना आम्हाला. काही वर्धेकडे गेली, काही कामठीकडे, काही दोन महिन्यांनी परत आली, काही आलीच नाहीत. मोठ्या कष्टाने शाळेत नाव घातलेल्या दोन पोरींचं वर्ष तिथेच तुटलं. आणि ती बैठक कोणाची होती, तर सिव्हिल सोसायटीची, म्हणजे स्वयंसेवी संस्थांची. असो.

(मी पोलिसांवर घसरत नाहीये, उलट चौकातला एखादा ट्रॅफिकवाला शिपाई आमच्या दादाला जितकी मदत करतो तितकी कोणी करत नाही. पण मूल नजरेआड केलं म्हणजे त्याची सोय झाली असं नसतं एवढंच.)

त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ च्या सुरुवातीला, सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना चांगलं सुनावलं होतं की रस्त्यावरची मुलं शोधा, त्यांची माहिती 'बाल स्वराज' पोर्टलवर टाका, पुनर्वसन करा, नुसते कागद पाठवू नका. त्यानंतर सर्व्हे झाले, फिरती पथकं आली, गाडीत शिक्षक-समुपदेशक घेऊन वस्तीवर जायचं वगैरे. चांगलंच आहे, पण गाडी आली, गेली. मूल तिथेच असतं आणि दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्या चौकात असते. म्हणून मी म्हटलं की आमचा दादा हाच प्रोजेक्ट. रोज, त्याच जागी, त्याच वेळी, पाऊस असो, ४६ डिग्री असो, दिवाळी असो, माणूस तिथे असणं. पोट्टे त्याला तपासतात, शिव्या देतात, त्याची सायकल पाडतात, गायब होतात आणि परत येऊन बघतात की हा अजून आहे का. आहे म्हटल्यावर मग कधीतरी, तीनचार महिन्यांनी, एक जण हळूच सांगतो की तो अंकल रात्री काय करतो. या वाक्यापर्यंत पोचायला जेवढे दिवस लागतात तेवढ्या दिवसांचा पगार कोणीतरी द्यावा लागतो, आणि तो द्यायला कोणीच तयार नसतं.

सीएसआरवाले, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीवाले येतात, चांगले कपडे घालून. "पगार सोडून काही सांगा." आम्ही काय सांगणार? मग टॅब येतात. पुलाखाली चार्जिंग नाही तिथे टॅब. थंडीत ब्लँकेटं येतात, इतकी येतात की एकेका पोराच्या अंगावर एका रात्रीत तीन तीन पडतात आणि सकाळी ती विकायला निघतात, त्यात पोराचा काही दोष नाही, तीन ब्लँकेटं ठेवायला त्याच्याकडे कपाट आहे का? आमच्या लेजरमध्ये 'वस्तुरूप देणगी' हे पान भरून वाहत असतं आणि 'मानधन' या पानावर आम्ही दर महिन्याच्या २८ तारखेला देवाचं नाव घेतो.

म्हणून करसवलतीचंही इथेच सांगून टाकते कारण हा माझा विषय. ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती देणगीवरची आयकर सवलत वस्तूंवर मिळत नाही, पैशांवर मिळते, तेही रोख २,००० च्या वर दिले तर नाही, आणि तुम्ही नवीन टॅक्स रिजीममध्ये असाल तर तशीही नाही. संस्थेने तुम्हाला देणगीचं ठरलेलं प्रमाणपत्र द्यायला हवं, नुसती पावती पुरत नाही. मुलं राहत असतील अशी संस्था असेल तर बाल न्याय कायद्याखालची नोंदणी आहे का हे सरळ विचारा, लाजू नका. ट्रस्ट म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असणं वेगळं आणि मुलं ठेवण्याची नोंदणी वेगळी. नोंदणी नसताना मुलं ठेवली तर चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गोड बोलणारे, रंगीबेरंगी फोटोवाले काही जण नेमकं इथेच अडखळतात. ज्या जागी तुम्हाला कोणीही न विचारता सरळ आत मुलांपर्यंत जाऊ देतात, तिथे तुमच्याऐवजी उद्या दुसरा कोणीही जाऊ शकतो हे लक्षात घ्या. चांगल्या संस्था कटकट करतात, आधार मागतात, मोबाइल बाहेर ठेवायला लावतात. ही कटकट दिसली की समजा जागा बरी आहे.

आणि ते फोटो. केकपुढे उभी केलेली पोरं, त्यांच्या डोक्यावर कागदी टोप्या, मध्ये तुमचं पिल्लू. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असा फोटो छापणं, टाकणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख दंड किंवा दोन्ही. कायदा राहू द्या बाजूला. ज्या माणसाच्या तावडीतून एखादी पोरगी सुटून तिथे लपली आहे, त्याच्याकडेही फेसबुक असतं ना? म्हणून वर म्हटलं की आमचा वर्ग कुठे ते लिहीत नाही. एका बालगृहातल्या ताई सांगत होत्या की जानेवारीत मुलं केक बघूनच नाक मुरडतात, शनिवार-रविवार केक, आणि परीक्षेच्या आठवड्यात गणित शिकवायला या म्हटलं की कोणाला वेळ नसतो.

कोण चांगलं काम करतं असं विचाराल तर आपल्या विदर्भात कमी नाही, उलट जरा जास्तच. मौद्याच्या एनटीपीसी वीजप्रकल्पातले इंजिनिअर वरुण श्रीवास्तव आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेली 'उपाय' नावाची संस्था आहे, त्यांच्या फुटपाथशाळा नागपुरात सगळ्यांनी येताजाता पाहिल्या असतील. स्टेशनवरच्या मुलांसाठीची 'प्लॅटफॉर्म ज्ञानमंदिर' निवासी शाळा आहे. रामभाऊ इंगोले यांचं विमलाश्रम आहे, गंगाजमुना या वेश्यावस्तीतल्या बायांच्या मुलांना समाज दारात उभं करत नव्हता तेव्हापासून हा माणूस त्यांना आपल्याकडे ठेवून घेतो आहे, पुढे पाचगावला खाणीत दगड फोडणाऱ्यांच्या मुलांसाठी शाळाही त्यांनीच काढली. विजय बारसे सर तर आता सगळ्यांना माहीत झालेत. हिस्लॉप कॉलेजचे खेळाचे शिक्षक, पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळून राहिली होती ते बघून २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं, स्लम सॉकर. २०१६ चा फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड त्यांना मिळाला. मला त्यातली आवडणारी गोष्ट पुरस्काराची नाही. फुटबॉलला रोज ठरलेल्या वेळी यावं लागतं, शुद्धीत यावं लागतं, सोल्यूशन ओढून धावता येत नाही, दम लागतो. कुठलंही भाषण न देता पोरगं स्वतःच ठरवतं.

पण मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती 'प्रश्नचिन्ह' ची. अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांची ही शाळा, २०१२ पासूनची. भोसले स्वतः फासेपारधी, जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षकाची नोकरी सोडली आणि शहरांच्या सिग्नलवर, स्टेशनवर भीक मागणारी समाजातली मुलं शोधून आणून शाळा भरवली. १८७१ च्या इंग्रजांच्या कायद्याने ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं त्यातली ही जमात, १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला, लोकांच्या डोक्यातून कुठे पुसलाय अजून, आजही चोरी झाली की पहिली धाड पालावर पडते. आणि या शाळेचं पुढे काय झालं? आपला समृद्धी महामार्ग तिच्या जागेतून गेला. २०१९ च्या जूनमध्ये वर्ग, वाचनालय यावर बुलडोझर फिरला. तेवढं सगळं सोसून शाळा चालूच राहिली. आपण नागपूरहून शिर्डीला भुर्रकन जातो, फोटो टाकतो किती तासांत पोचलो त्याचे, जाऊ द्या, पण जाताना एकदा उतरून त्या शाळेत जाऊन या असं मी त्या वाढदिवसवाल्यांना सांगते. केक न नेता.

अजून एक सगळ्यात कंटाळवाणं काम राहिलं, कागद. मूल शाळेत घालायचं तर जन्माचा दाखला, आधार, रहिवासी. फुटपाथवर जन्मलेल्या पोराचा रहिवासी दाखला काय काढणार, उड्डाणपुलाचा खांब क्रमांक? शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ स्पष्ट म्हणतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, आणि कलम ४ म्हणतं वयाप्रमाणे वर्गात बसवा, मागे राहिलेलं भरून काढायला वेगळं शिकवा. तरी एका शाळेच्या ऑफिसात आम्हाला तीनतीनदा परत पाठवलं, शेवटी दादाने कायद्याची प्रिंट टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसूनच राहिला. झालं ॲडमिशन.

आणि एकट्या आईसाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे, आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाची, मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, मूल बालगृहात न जाता घरातच राहावं यासाठी. ही रक्कम लहान वाटेल पण मी मघाशी सांगितलेला सिग्नलचा हिशेब आठवा. चार वर्षांच्या पोरीला चौकातून उठवायचं तर तिच्या कमाईच्या जागी घरात काहीतरी यायला हवं, कीर्तन करून ती उठत नाही. अडचण ही की त्यासाठी बँक खातं, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, नवरा मेला असेल तर त्याचा मृत्यूचा दाखला, आणि हे सगळं करायला त्या बाईने मजुरी बुडवून तहसीलच्या चकरा मारायच्या. आमचा दादा महिन्यातला निम्मा वेळ या रांगांत उभा असतो. याचा फोटो निघत नाही, त्यामुळे याला डोनर नाही.

शेवटी अठराव्या वर्षाचं. मूल बालगृहात वाढलं, कसंबसं बारावी झालं, आणि अठरा पूर्ण झाले की बाहेर. कायद्यात पुढची सोय आहे, अनुरक्षण म्हणतात, एकवीसपर्यंत आणि खास बाबतीत तेवीसपर्यंत, पण जागा फार थोड्या. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांना एक टक्का आरक्षण दिलं हे फार मोठं काम झालं. वझ्झरला बेवारस दिव्यांग मुलं सांभाळणाऱ्या शंकरबाबा पापळकरांचं नाव तुम्ही २०२४ च्या पद्मश्रीच्या वेळी ऐकलं असेल, त्यांची तर वर्षानुवर्षं हीच मागणी आहे की अठरानंतर दिव्यांग बेवारस मुलांना हाकलू नका, कायदा बदला. त्यांची एक मानसकन्या, जळगाव स्टेशनच्या कचराकुंडीत सापडलेली, डोळ्यांनी दिसत नाही, एमपीएससीची परीक्षा पास होऊन आपल्याच नागपूरच्या कलेक्टर ऑफिसात लागली. ही बातमी सगळ्यांनी फॉरवर्ड केली, मीही केली.

आमच्याकडे सध्या दोन पोरं आहेत अठरा झालेली. एक मेडिकलजवळच्या डायग्नोस्टिकमध्ये रात्रपाळी करतो, दुसऱ्याचं आयटीआय चालू आहे, वायरमन. दोघांना मिळून एक खोली हवी आहे, मानेवाडा, हुडकेश्वर, उमरेड रोड, कुठेही चालेल, भाडं चार हजारपर्यंत, डिपॉझिट आम्ही देऊ, ॲग्रीमेंटवर सही मी करीन. पाचसहा घरमालकांनी "गावचा पत्ता काय, वडील काय करतात" इथेच नाही म्हटलंय. कोणाकडे खोली असेल आणि हा प्रश्न न विचारता द्यायची तयारी असेल तर मला फोन करा, नंबर ओळखीच्या सगळ्यांकडे आहेच. दहा तारखेच्या आधी कळवलं तर बरं, त्या दिवशी त्यांना आत्ताची जागा सोडायची आहे.